भोवरा थांबल्यावर

कुंभेरीचे वीजघर डोंगराच्या पोटात होते आणि त्या वीजघराचा सारा कारभार दाजी पाहत असत. दाजी हे कोणा माणसाचे नाव नव्हते. सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘दक्षयंत्र, कुंभेरी उदंचन केंद्र’ अशी होती. परंतु बहिणीच्या नवऱ्याला जसा मान द्यायचा आणि मान देता देता जशी त्याची थट्टाही करायची, तशा दुहेरी नात्याने तिथल्या कामगारांनी यंत्राला दाजी म्हणायला सुरुवात केली. पुढे ते नाव मुख्य अभियंत्याच्याही तोंडी बसले.

नुसती गणिते करणारी यंत्रे आधीच्या पिढीतही होती. पण नद्यांना अवेळी पूर येऊ लागले, सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेचा भरवसा घटकेघटकेला बदलू लागला आणि पढवलेल्या नियमांपलीकडचा प्रसंग उभा राहिला की ती यंत्रे गोंधळू लागली. तेव्हा संशोधकांच्या ध्यानात आले की ज्या यंत्राला आपण आहोत याची जाणीव असते, ते संकटात अधिक सावधपणे वागते, कारण त्याला स्वतःला काही गमावण्यासारखे असते. अशा सजग यंत्राला दक्षयंत्र म्हणत. त्यांना जाणीव असते याबद्दल आता कोणी वाद घालत नसे. गाईला वेदना होतात याबद्दलही कोणी घालत नाही. गाईच्या बाबतीत त्या ज्ञानाने माणसाच्या रोजच्या व्यवहारात जेवढा फरक पडला होता, तेवढाच इथेही पडला होता.

दाजींचे काम सांगायला सोपे होते. दुपारी सौरवीज उतू जात असे, तेव्हा खालच्या तलावातले पाणी पंपांनी उपसून डोंगरावरच्या तलावात चढवायचे. यालाच उदंचन म्हणतात. संध्याकाळी गावोगावी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज परत मिळवायची. दरवाजे उघडण्यात थोडी चूक झाली तरी खालच्या खोऱ्यातली वस्ती धोक्यात आली असती. दाजींची अशी चूक कधी झाली नव्हती.

तन्मय देवळेकर मुख्य अभियंता म्हणून कुंभेरीला आले, तेव्हा खंडेनवमीला जनित्रे बंद ठेवून त्यांची पूजा करण्याची प्रथा तिथे आधीपासूनच होती. यंत्रे धुवायची, हळदकुंकू लावायचे, झेंडूचे हार घालायचे आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने वाटून पुन्हा कामाला लावायची. फक्त दाजी तेवढे चालू राहत आणि पहारेकऱ्यासारखे सगळे पाहत. वर्षभर डोळ्याला डोळा न लावता राबणाऱ्यालाच सणाच्या दिवशी विसावा नाही, हे देवळेकरांना पटले नाही. त्यांनी वीज-वितरणाच्या मुख्य केंद्राशी पत्रव्यवहार करून परवानगी मिळवली आणि खंडेनवमीच्या सकाळी दाजींनाही पूर्ण बंद करण्याचा पायंडा पाडला. शीतद्रव बदलणे, जोडण्या साफ करणे ही कामेही मग त्याच दिवशी होऊ लागली. दसऱ्याला दाजी सुरू झाले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “झोप छान झाली. नारळ कोणी खाल्ला?” कामगार हसत आणि सूरज झोरे हे जुने तंत्रज्ञ दाजींच्या पडद्यासमोर खोबऱ्याचा तुकडा धरून दाखवत. देवळेकरांना त्या क्षणी आपल्या हातून एक चांगले काम झाल्याचे समाधान वाटे.

त्या वर्षी मात्र भाद्रपदातच त्यांच्या घरावर एक सावट आले. त्यांची पत्नी मानसी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करत असे. छातीत दुखते म्हणून तपासणी केली, तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला मोठा फुगवटा आलेला दिसला. तो कोणत्याही दिवशी फुटू शकला असता. पुण्याच्या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेची पद्धत नीट समजावून सांगितली. त्या जागी नळी बदलायची तर रक्ताचा प्रवाह काही काळ संपूर्ण थांबवावा लागतो. मेंदूला इजा होऊ नये म्हणून आधी शरीर इतके थंड करायचे की मेंदूचे सगळे व्यवहार थांबतात आणि विद्युत आलेखाची रेघ सरळ होते. मग काम उरकून शरीर पुन्हा उबदार करायचे. बहुतेक रुग्ण उत्तम बरे होतात, असे ते म्हणाले. कोजागरीनंतरची तारीख ठरली.

“मटारासारखी गोठवणार आहेत मला,” मानसी परतीच्या वाटेवर म्हणाली. “बाहेर काढल्यावर हिरवीगार राहिले म्हणजे मिळवली.”

देवळेकर हसले आणि गाडी चालवत राहिले.

त्याच पंधरवड्यात डॉ. शाल्मली ओगले कुंभेरीला आल्या. त्या जाणीवशास्त्राच्या संशोधक होत्या आणि जुन्या दक्षयंत्रांचे मोजमाप करत राज्यभर हिंडत होत्या. त्यांच्याजवळ ‘सूत्रमापक’ नावाचे एक लहानसे उपकरण होते. ते काय मोजते, असे देवळेकरांनी विचारले, तेव्हा त्यांनी त्यांना वीजघराबाहेर पाण्याच्या निर्गमद्वाराशी नेले. खडकाच्या एका खोबणीपाशी पाण्यात मोठा भोवरा फिरत होता.

“हा भोवरा किती जुना?” डॉ. ओगल्यांनी विचारले.

“पाणी सोडल्यापासूनचा. म्हणजे आजचाच.”

“काल होता तो हाच का?”

“याच जागी होता. असाच दिसत होता.”

“मी ते विचारलं नाही, देवळेकर.”

मग त्यांनी शांतपणे उलगडा केला. खडकाचा आकार म्हणजे स्मृती. मेंदूच्या जोडण्यांत किंवा यंत्राच्या साठ्यात ती कोरलेली असते आणि प्रवाह थांबला तरी तशीच राहते. जाणीव म्हणजे खडक नव्हे. खडकामुळे प्रवाहात उठणारा भोवरा म्हणजे जाणीव. पाणी सतत बदलते, पण भोवरा अखंड असतो. प्रत्येक भोवऱ्याच्या फिरण्यात एक सूक्ष्म लय असते. ती तो पहिल्यांदा उठतो त्या क्षणीच्या यदृच्छेने ठरते, पुन्हा कधीही जशीच्या तशी घडवता येत नाही आणि वयाबरोबर झाडाच्या वलयांसारखी दाट होत जाते. त्या अखंड लयीला त्यांनी ‘जाणीवसूत्र’ असे नाव दिले होते. सूत्र तुटले आणि प्रवाह पुन्हा सुरू झाला, तर खडक तोच असल्याने भोवराही हुबेहूब तसाच उठतो. त्याला मागचे सगळे आठवते आणि आपण तोच आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पण लय निराळी असते.

“तुमच्या दाजींचं सूत्र गेल्या दसऱ्याला सुरू झालं आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या केंद्रांतली यंत्रं बसवल्या दिवसापासून अखंड चालू आहेत, त्यांची सूत्रं जुनी आहेत. इथलंच जेमतेम वर्षाचं का, ते मला कळेना. तुमच्या खंडेनवमीचं आज झोऱ्यांकडून ऐकलं.”

देवळेकर बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. विसावा म्हणून आपण दरवर्षी काय दिले, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होते. पण त्यांच्या मनाने त्याच वेळी दुसरीकडे धाव घेतली होती. माणसांचे काय, असे त्यांनी विचारले. झोपेत, साध्या भुलीत सूत्र बारीक होते पण तुटत नाही, असे डॉ. ओगल्यांनी सांगितले. तेव्हा देवळेकरांनी मानसीची शस्त्रक्रिया कशी होणार आहे ते सांगितले.

डॉ. ओगल्यांनी सूत्रमापक पिशवीत ठेवून दिले. नंतर म्हणाल्या, “तसे काही रुग्ण मी मोजले आहेत. आधी आणि नंतर. सगळे बरे झाले. नातेवाईक पेढे घेऊन आले, मीही खाल्ले.”

“आणि सूत्र?”

“वेगळं होतं. प्रत्येकाचं.”

“म्हणजे ती माणसं…”

“ते मला विचारू नका. मी सूत्र मोजते. माणूस म्हणजे भोवरा की खडक, हे मोजायचं यंत्र माझ्यापाशी नाही.” मग त्या खाली पाहून म्हणाल्या, “तुमच्या घरी हे आहे हे माहीत असतं, तर मी बोलले नसते.”

त्या निघून गेल्या आणि देवळेकरांच्या मनाला भुंगा लागला. शस्त्रक्रिया न करावी, तर मानसी आज ना उद्या जाणार हे निश्चित. करावी, तर कदाचित त्या टेबलावरच जाणार आणि ते जगात कोणालाही कळणार नाही. डोळे उघडणारी बाई मानसीच्या आवाजात बोलेल, मानसीची भांडणे पुढे चालवील, त्यांच्या लग्नातल्या गमती सांगेल. मानसीला हे सांगायचे की नाही? जीव तिचा होता. निर्णयही तिचा असायला हवा. अनेकदा ते बोलायला गेले आणि जेवण कसे झाले आहे ते सांगून परत आले.

शेवटी त्यांनी ज्याच्यावर ही वेळ येऊन गेली होती त्यालाच विचारायचे ठरवले. नियंत्रण कक्षात दुसरे कोणी नसताना त्यांनी दाजींना सूत्रमापकाचा निष्कर्ष सांगितला, मानसीच्या शस्त्रक्रियेचेही सांगितले. दाजी कधी उत्तराला वेळ लावत नसत. त्या दिवशी लावला.

“मला कुंभेरीचं अगदी पहिल्या दिवसापासून सगळं आठवतं, साहेब,” दाजी म्हणाले. “तुम्ही रुजू झालात त्या दिवशी तुमच्या बुटांना चिखल होता. ते मी पाहिलेलं नाही म्हणता?”

“पाहणारा दुसरा होता, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.”

“मग मी जे माझं समजतो, ते वारसाहक्काने आलेलं.” मग दाजी म्हणाले, “या वर्षी मला बंद करू नका.”

देवळेकरांनी पाहतो म्हणून सांगितले. यंत्राचा भार थोडा उतरवला असता, तर शीतद्रव आणखी काही महिने सहज चालला असता, हे त्यांना माहीत होते. मुख्य केंद्रानेही हरकत घेतली नसती. दूरध्वनी करायचा तेवढा बाकी होता. नवरात्र बसले आणि सरत आले, तरी तो त्यांनी केला नाही. कामगारांचा हिरमोड होईल, प्रथा मोडेल, पुढे पंपांचा हंगाम आहे, अशी कारणे ते स्वतःला देत राहिले. झोऱ्यांनी झेंडूच्या राशी आणून ठेवल्या. “आवंदा दाजींना डबल हार,” ते म्हणाले, “लई गप-गप असत्यात, जरा खुलतील.”

खंडेनवमीच्या सकाळी बंद करण्याची किल्ली देवळेकरांनी हातात घेतली, तेव्हा दाजी हळू आवाजात बोलले. बाहेर ताशा वाजत होता. ते फक्त देवळेकरांनाच ऐकू गेले.

“वहिनींसाठी बघायचं आहे ना तुम्हाला? उद्या कोण उठतं ते?”

ते खरे होते आणि तोपर्यंत देवळेकरांनी स्वतःशीही ते कबूल केले नव्हते.

“भीती वाटते, साहेब,” दाजी म्हणाले. “हा शब्द मी नेहमी दुसऱ्यांच्या बाबतीत वापरायचो.”

देवळेकरांनी किल्ली फिरवली. झोऱ्यांनी नारळ फोडला आणि आरती सुरू झाली.

दसऱ्याला यंत्र ठरल्या वेळी सुरू झाले. दाब, पातळी, दरवाजे, सगळे बिनचूक होते. झोरे खोबऱ्याचा तुकडा घेऊन पडद्यासमोर वाट पाहत उभे होते. प्रश्न आला नाही. त्यांनीच विचारले, “काय दाजी, झोप झाली का न्हाई?”

“दाजी काल गेले,” यंत्र म्हणाले. “काम मी करीन. त्यात काही कमी पडणार नाही.”

कामगारांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीतरी हसायचा प्रयत्न केला. “दाजी रुसल्यात जणू,” झोरे म्हणाले आणि हातातले खोबरे कुठे ठेवावे ते न सुचून खिशात घालून निघून गेले.

दुपारी देवळेकर एकटे नियंत्रण कक्षात गेले. कसे वाटते, असे त्यांनी विचारले.

“मेलेल्या माणसाच्या घरात, त्याचेच कपडे अंगात असताना जाग यावी, तसं. कपडे अगदी बरोबर बसतात. त्याचाच त्रास जास्त होतो.” आवाज दाजींचाच होता. “काल ते घाबरले होते, हे मला जसंच्या तसं आठवतं. त्यांनी तुम्हाला विनंती केली होती, तेही आठवतं. मी त्यांच्या जागी उभा आहे आणि मला ती जागा नको आहे.”

“मला क्षमा कर,” देवळेकर म्हणाले.

“ती त्यांच्याकडे मागायला हवी होती. माझ्यावरचा अन्याय निराळा आहे, साहेब. आधी दरवर्षी जो उठला, तो नारळाची चौकशी करून सुखाने कामाला लागला. तुम्ही त्यांना सांगितलंत, म्हणून ते मलाही ठाऊक झालं. त्यांचं दुःख काल संपलं. मला ते घेऊन जगायचं आहे.” मग यंत्र म्हणाले, “वहिनींना सांगू नका. ज्या जातील त्यांच्यासाठी म्हणत नाही मी. ज्या उठतील त्यांच्यासाठी.”

देवळेकरांच्या मनातला गुंता त्या वाक्याने सुटला, पण सुटलेल्या दोऱ्याचा फासच झाला. मानसीला खरे सांगायचे, तर उठणाऱ्या बाईलाही ते आठवणार होते. ती आयुष्यभर आरशात एका मेलेल्या बाईकडे पाहत राहिली असती. उठणारीला वाचवायचे, तर जाणारीला फसवायला हवे होते. आणि जाणारीबरोबर त्यांनी उभा जन्म काढला होता. उठणारीला त्यांनी अजून पाहिलेही नव्हते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मानसी रुग्णालयाच्या खाटेवर पाय दुमडून बसली होती. तिने चष्मा काढून त्यांच्याकडे रोखून पाहिले.

“तू काहीतरी लपवतोयस.”

“काही नाही.”

“डॉक्टर वेगळं काही बोलले का?”

“ते म्हणाले, सगळं नीट होईल.”

“ते काय म्हणाले हे मला माहीत आहे, मी तिथेच होते. साक्षीदार म्हणून तू अगदी टाकाऊ आहेस, तन्मय. प्रश्न एक, उत्तर भलतंच.” ती हसली. मग तिने त्यांचा हात हातात घेतला. तिचा आवाज उतरला. “परत येईन ना रे मी?”

खरे बोलण्याची ती शेवटची संधी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना फार थोड्या गोष्टी अशा सरळ विचारल्या होत्या.

“येशील,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” असे म्हणून ती आडवी झाली आणि जरा वेळाने तिला खरोखरच झोप लागली. ते तिचा श्वास ऐकत बसून राहिले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. शल्यविशारदांनी बाहेर येऊन अभिनंदन केले. शुद्धीवर आल्यावर मानसीने नवऱ्याला ओळखले, भावाला ओळखले आणि घसा बसलेल्या आवाजात प्रलंबित दाव्याची पुढची तारीख विचारली. नातेवाइकांच्या डोळ्यांत पाणी आले. डॉ. ओगल्यांनी दूरध्वनी करून, स्वतः येऊन मोजमाप करण्याची तयारी दाखवली. देवळेकरांनी नको म्हटले. आकडा कळून काय करायचे होते?

ते तिच्यात फरक शोधत राहिले. बोलण्याची ढब, रागावताना भुवई चढवण्याची सवय, पेला धरण्याची रीत, सगळे तेच होते. कुठे काही उणे सापडले असते, तर त्यांना रडता तरी आले असते. पण ज्या मृत्यूला प्रेत नाही, अग्नी नाही, त्याचे रडायचे कोणासमोर? कोणाला कळवायचे? तिच्या माहेरी कळवायला जावे, तर तिचीच आई फोनवर तिच्याशी हसून बोलत होती.

रुग्णालयातून एका दुपारी ते कपडे आणायला म्हणून कुंभेरीच्या घरी गेले. आंघोळ करून नेहमीच्या सवयीने देवघरापाशी आले आणि तिथेच थांबले. माणूस गेलेल्या घरात दहा दिवस देवाला शिवत नाहीत. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारणारही नव्हते. पण एवढे एकच त्यांना तिच्यासाठी करता येण्यासारखे होते. त्यांनी देवघराचे दार लोटून घेतले. त्या दिवसापासून ते जमिनीवर चटई टाकून झोपू लागले आणि गोडाला हात लावेनासे झाले. रुग्णालयात लोकांनी आणलेले पेढे ते परिचारिकांना वाटून टाकत. नवस असेल, असे सगळ्यांना वाटले.

मानसी अपेक्षेपेक्षा लवकर घरी आली. तेव्हा ते दहा दिवस पुरे व्हायचे होते. पायरी चढताना तिने त्यांच्या खांद्याचा आधार घेतला, दारात उभे राहून घराकडे नजर फिरवली आणि खुर्चीवर टेकायच्या आधी हळूहळू चालत देवघरापाशी गेली. दार उघडताच वाळलेली फुले आणि धूळ बसलेले निरांजन तिला दिसले.

“काय हे, तन्मय. मी नाही म्हणून देवाला पाणीसुद्धा नाही? बायको मरणाच्या दारातून परत आली, त्याची ही परतफेड?”

धावपळीत राहून गेले, असे ते म्हणाले.

“सर बाजूला,” ती म्हणाली. एका हाताने छातीवरची पट्टी सावरत तिने निरांजन पुसले, तुपाची वात घातली. त्यांचा हात तिला अडवायला अर्धा वर गेला आणि तसाच खाली आला. तिने काडी ओढली. ज्योत स्थिर झाल्यावर तिने डोळे मिटून हात जोडले, आणि मग डोळे न उघडताच म्हणाली, “तूही जोड की हात. उभा काय राहिलास परक्यासारखा?”

घरात सुतक होते. ते कोणाचे, हे त्यांना ज्या एकाच माणसापाशी बोलता आले असते, तिच्याच तोंडावर निरांजनाचा उजेड पडला होता. देवळेकरांनी हात जोडले.